एक मूठ जास्त

२६ जुलै, शनिवार

उधन्याला उतरलो. गाडी वेळेवर. आभाळ भरलेलं, पाऊस नाही.

हर्षदाला मीच फोनवर सांगितलं होतं, स्टेशनवर येऊ नको — तरी मंगला फलाटावर दोन्हीकडे बघत राहिली. सून नाही आली म्हणून नव्हे. पूर्वी उतरलो की योगराज गर्दीतून हात वर करायचा, ती सवय.

रिक्षावाल्याने पर्वत पाटिया ऐकलं आणि विचारलं, "काका, फरवा आव्या?" फिरायला आलात का! सुरतला फिरायला कोण येतं? आमच्याकडचा माणूस इथे कामाला येतो, नाहीतर कामाला आलेल्याकडे येतो. आम्ही ज्याच्याकडे यायचो तो नाही. मी म्हटलं, "हो, फिरायला." मंगलाने माझ्याकडे बघितलं.

तिच्या मांडीवर गव्हाची पिशवी होती. कानबाईच्या सणासाठी गावचे गहू. नंदुरबारपासून खाली ठेवली नाही.

जिना तोच, अरुंद. वर दाराशी योगराजचं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं आहे. त्या दिवशीही खिळ्यालाच राहिलं होतं.

२७ जुलै, रविवार

मंगलाचं सगळं ठरलेलं आहे. कानबाई झाली, पौर्णिमा झाली की हर्षदाला गावी न्यायची. मागच्या खोलीला चुना दिला. पंखा बसवला. खिडकीला जाळीसुद्धा. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी असाच.

योगराजला जाऊन सव्वा वर्ष झालं. चुलतभावाच्या लग्नाला गावी येत होता, मोटारसायकलवर. बारडोलीच्या अलीकडे, हायवेवर. त्यानंतर हर्षदाची आई इथे येऊन राहिली होती, ती होळीनंतर गेली. आता पोरगी एकटी. मूलबाळ नाही.

हर्षदा घरी साड्यांचे धागे कापते. भरतकामाच्या मशीनवरून साडी उतरली की उलट्या बाजूला धागे लोंबत असतात, ते लहान कात्रीने साफ करायचे. खोलीभर धागे. पायाला, ताटाला, उशीला. मंगलाच्या चहात एक निळा धागा निघाला.

"हाई काय वो?"

"आई, इथे भाजीतही निघतो. सवय होते."

मंगलाने धागा बोटाने काढला, बशीच्या कडेला लावला आणि चहा प्यायली. एवढंच बोलणं झालं दोघींचं दिवसभरात.

२८ जुलै, सोमवार

पाऊस झिमझिम. गल्लीच्या मागे मागांचा कारखाना आहे — इथे खातं म्हणतात. खटखट, खटखट. दिवस नाही, रात्र नाही. हर्षदा म्हणाली, "नाना, बंद पडलं की झोपमोड होते आमची."

माझी नोकरी नदीकाठी गेली. पाटबंधारे खातं. पट्टीवर तापीची पातळी बघायची, लिहायची, वर कळवायची. रिटायर झालो तर सवय सुटेना. म्हणून हे लिहितो. वर कळवायचं काही नसतं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही. मंगलाने सकाळीच विळी फळीवर चढवली. हर्षदाने कात्री उचलली.

"ठेव ती."

"आई, संध्याकाळी माल न्यायला येतील."

"नागपंचमीले कात्री? तुना मायनी शिकाडं नही का?"

हर्षदाने कात्री ठेवली. साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून, हात मांडीत घेऊन बसून राहिली. काम काढून घेतलं की माणूस किती रिकामा दिसतो! मी टीव्ही लावला. गुजरातीत काहीतरी चाललं होतं. तिघं ते बघत बसलो. मंगलाला एक शब्द कळत नव्हता.

संध्याकाळी माल न्यायला आला तो वरच्या पायरीवरच थांबला, आत आला नाही. तिशीचा असेल. धर्मेंद्र नाव. योगराजच्याच खात्यात टेम्पो चालवतो. "काका, मी दहाव्याला आलो होतो गावाला," म्हणाला. मला आठवेना. त्या दिवसांतलं कुणीच आठवत नाही.

माल तयार नाही म्हटल्यावर — "असू द्या. शेठला सांगतो टेम्पो बंद पडला व्हता."

मंगला आतून : "सणाच्या दिवशी खोटं बोलतोस?"

"खोटं कुठं मावशी, रोजच बंद पडतो तो!"

हर्षदा ओठ दाबून हसली. मी बघितलं. मंगलाने बघितलं की नाही, कळलं नाही.

३० जुलै, बुधवार

खाली प्रमिलाबाई राहतात. अकोल्याकडच्या. नवरा बांधकामावर, स्वतः तोंडाच्या कामावर! नळावर मला गाठलं.

"सुनेले घेऊन चालले म्हणे काका? न्या बाप्पा, न्या. जवान पोरगी. तो टेम्पोवाला येते ना — आत नाही जात, खोटं काहून बोलू. पायरीवर बसते. पण पायरीवर किती वेळ बसते!"

मी बादली भरत राहिलो.

मग स्वतःच : "पोरगा वाईट नाही म्हणा. माह्या घरी गॅस सरला तं त्यानंच आणून देल्ला."

बादली घेऊन वर आलो. मंगला म्हणाली, काय म्हणत होती ती बाई? मी म्हटलं, पाण्याचं.

३१ जुलै, गुरुवार

दुपारी गच्चीवर गेलो, घरात बसवेना. हर्षदा कपडे वाळत घालत होती. दोरीवर योगराजचा चौकड्यांचा शर्ट. काम करताना ती तो अंगावर घालते, साडीला धागे चिकटत नाहीत म्हणे.

"नाना, माझ्या पप्पांचा फोन आला का तुम्हाला?"

"नाही."

"घाबरतात ते. मग मीच सांगते." चिमटे एकेक करून लावले, सगळे. मग बोलली. धर्मेंद्र लग्नाचं विचारतोय. संक्रांतीला पहिल्यांदा विचारलं, हिने उत्तर दिलं नाही. तो पुन्हा विचारत नाही, पण येणं सोडत नाही. आता हिला हो म्हणावंसं वाटतं.

"पण तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी गावी येईन नाना. खरंच येईन. तोंड वाकडं करणार नाही."

खाली खटखट चाललेली. मी म्हटलं — "बघू."

बघू! सगळी नोकरी वरच्या साहेबांकडून हाच शब्द ऐकला आणि आज माझ्या तोंडातून तोच निघाला.

तिचं वय काय, सत्तावीस. मला सगळं कळतं. न कळण्यासारखं काही नाही. पण लहानपणचा योगराज आमच्याकडे आहे. कामाला लागल्यानंतरचा, इथला, डबा घेऊन जिना उतरणारा, तो सगळा हिच्याकडे आहे. मंगला तिला टोचून बोलते, तरी बोलता बोलता विचारून घेते : त्याला ती भाजी आवडायला लागली होती का? झोपेत अजून बडबडायचा का? हर्षदा सांगते. ही दुसऱ्याच्या घरी गेली की मंगला कुणाला विचारणार? मला? मी तर त्याचं नावही घेत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मंगलाला सांगितलं नाही. दिवसभर पाऊस.

२ ऑगस्ट, शनिवार

लिंबायतला बाबुरावकडे. माझा चुलतभाऊ. मागावर काम करता करता इथलाच झाला, घर बांधलं. यंदा कानबाई त्याच्याकडे. गेल्या वर्षी आमच्यामुळे सगळ्या भावकीनेच धरली नाही.

गहू काढायचा कार्यक्रम. प्रत्येक घराने आपापले. घरात जेवढे पुरुष तेवढ्या सव्वा सव्वा मुठी — म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत. नाव घ्यायचं, मूठ टाकायची, वर पाव मुठीची भर. बायका सुपं घेऊन बसलेल्या. बाबुराव नावं घेत होता. चेष्टामस्करी चालू. त्याच्या धाकट्या सुनेचं पोर नुकतंच जन्मलेलं, "त्याची मूठ लहान घ्या रे, त्याला दात कुठे आहेत!"

आमच्या सुपाशी आला. "हिलालभाऊ." मंगलाने मूठ टाकली, वर भर. झालं. आमच्याकडचा पुरुष एकच. बाबुराव पुढच्या सुपाकडे वळला.

मंगलाचा हात परत पिशवीत गेला. मूठ भरून वर आला. टाकली. वर भर. तोंडाने कुणाचं नाव घेतलं नाही.

सगळ्यांनी बघितलं. बाबुराव तिथेच थांबला. त्याची बायको काही बोलणार होती, त्याने हाताने थांबवलं. सुपात पडलेले गहू परत काढत नाहीत. हर्षदा मंगलाच्या मागेच बसलेली, तिने मान खाली घातली.

चुकून झालं की मुद्दाम, मला सांगता येत नाही. इतकी वर्षं तो हात दोन मुठींचाच होता. सून आणली, तरी मुठी दोनच. सूप उचलून मंगला उठली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच.

गहू चक्कीवर गेले. पीठ आलं. त्यात आता कुठली मूठ कुणाची!

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. केळीचे खांब, फुलं, झगमग दिव्यांच्या माळा. त्या पिठाचे रोट तळले. प्रत्येक घराचे वेगळे. गंगाफळाची भाजी, खीर, पुरणाचा दिवा. बायका गाणी म्हणायला बसल्या. मंगलाचा आवाज गावात नावाजलेला. दोघीतिघींनी ओढलं, "मंगलाबाई, तू सुरू कर." ती भिंतीला टेकून राहिली. ओठ मात्र हलत होते.

केळीचे खांब धर्मेंद्रने आणले. कामरेजकडून, टेम्पोत. उतरवले आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. मी बाहेर गेलो. आत गर्दी फार होती. सगळे आपले, तरी बसवत नव्हतं. जो तो माझ्याशी हळू आवाजात बोलतो.

"काका, कानबाई म्हणजे कोणती देवी? आमच्या जालन्याकडं नाही."

"आमची आहे. खानदेशातली."

"परसाद काय असतो?"

रोटांचं सांगितलं. नावाने मोजून केलेले. भावकीतच खायचे. बाहेरच्याला कुणालाच नाही. पौर्णिमा लागायच्या आत संपवायचे. टाकायचे नाहीत.

"म्हणजे मला नाहीच!" हसला. "मी निस्ती केळी वाहायची."

मलाही हसू आलं. खूप दिवसांनी नेहमीच्या आवाजात कुणी माझ्याशी बोललं. हा बरा वाटला याचाच मग राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन. बँड, गुलाल, बायकांच्या फुगड्या. सुरतचा सगळा रस्ता खानदेशी झालेला. मंगला मिरवणुकीच्या कडेने चालली. मी तिच्या मागे. हरवली असती तर तिला पत्ता सांगता आला नसता.

आमचे रोट घेऊन घरी आलो. जिन्यात प्रमिलाबाई. "वा! परसाद! आमाले नाही का?"

मंगलाने डबा पदराआड घेतला. "नही वो बाई, हाई घरना लोकेस्नं ऱ्हास."

"घरच्याच लोकांचं? मोठी चिक्कट देवी आहे बाप्पा तुमची!"

मंगला हसली. सुरतला आल्यापासून पहिल्यांदा.

घरात मात्र रोट दोन ठिकाणी मांडले. एक वाटा डब्यात. दुसरा पांढऱ्या फडक्यात बांधला आणि फळीवर, योगराजच्या फोटोच्या शेजारी ठेवला. मी जेवताना त्या फडक्याकडे हात नेला. म्हटलं, पुरुषाचा वाटा पुरुषाने संपवला तर चालेल.

"ते तुमचे नाहीत."

बाबुरावने निघतानाच माझ्या कानात सांगितलं होतं, वहिनींना म्हणावं गाईला घाला. ते मी आता बोललो.

"गाईले का बरं? मना पोऱ्याना वाटा गाईले?"

हर्षदा तिच्या वाटणीचा रोट बारीक तुकडे करून खात होती. मंगला पाणी आणायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाली, "नाना, पुढच्या वर्षी मला हे चालणार नाहीत ना?"

 तिला ते माहीतच होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज सांगितलं.

हर्षदा बाजारात गेली होती. मंगला रिकामी बसून कंटाळली, तिने कात्री घेतली. चष्मा नाकावर, साडी मांडीवर, धागा शोधायचा, कापायचा. तिला जमतं. मी समोर बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. धर्मेंद्र, संक्रांत, गच्ची, सगळं.

कात्री थांबली नाही. एक धागा. दुसरा. साडी पुढे ओढली.

साडी संपली तेव्हा म्हणाली, "पुनी झाली का निंघू. तिन्ही जण."

पौर्णिमा झाली की निघू, तिघं. मी बोललोच नव्हतो जणू.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी जेवताना मंगला हर्षदाला म्हणाली, "बॅग भरी ठेव. थंडीना कपडा बी ले."

"हो आई."

हर्षदाचा हात ताटात थांबला. घास केलेला, तसाच. वर बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. तोंड वाकडं करणार नाही म्हणाली होती, खरंच केलं नाही.

मी म्हणालो, "ती येणार नाही. मी तिला हो म्हटलंय."

म्हटलं नव्हतं. त्या क्षणापर्यंत कुणालाच काही म्हटलं नव्हतं.

मंगला : "तुम्ही हो म्हनात? माले न इचारता?"

"हो."

"मना पोऱ्यानं घर मोडतस तुम्ही!"

"घर मोडलंच आहे मंगला! आता या पोरीला काय त्याच्या ढिगाऱ्यावर बसवून ठेवायचं?"

एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नाही. खाली प्रमिलाबाईंचा रेडिओ बंद झाला. हर्षदा ताट घेऊन मोरीत गेली, नळ सोडला, बराच वेळ सोडलेला ठेवला.

मी बाहेर पडलो. पूल, दुकानं, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल. प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं. देवळाच्या ओट्यावर बसलो. एक म्हातारा शेजारी येऊन बसला, गुजरातीत काहीतरी बोलला. मी मान हलवली. तोही गेला.

परत आलो तेव्हा मंगला भिंतीकडे तोंड करून आडवी. फडकं फळीवर तसंच. रोट कडक झाले असतील.

७ ऑगस्ट, गुरुवार

मंगला माझ्याशी बोलत नाही. हर्षदाशीही नाही.

धर्मेंद्रच्या खात्याला सुट्टी होती, टेम्पो मोकळा. हर्षदाने पहिल्याच दिवशी ठरवलेलं, आई-नानांना डुमसला समुद्र दाखवायचा. मला वाटलं, राहिलं आता ते. मी धर्मेंद्रला खालीच सांगायला निघालो तर मंगला माझ्याआधी चपला घालून जिना उतरत होती.

टेम्पोत ती पुढे बसली. मी आणि हर्षदा मागे, रिकाम्या गोण्यांवर. पुढचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. म्हणजे धर्मेंद्रचंच. टेम्पो खरोखर एकदा बंद पडला. तो उतरला, काहीतरी ठोकलं, चालू झाला. "बघा मावशी, खोटं बोललो का?" 

समुद्र काळसर. वाळूही काळी. रविवार नसल्याने माणसं कमी. भज्यांच्या गाड्या, दोन उंट, चिखलात रुतलेली एक मोटार आणि ती ढकलणारी पोरं. लोक मुद्दाम लांबून येऊन बघतील असं इथे काही नाही. मंगलाने समुद्र कधी पाहिला नव्हता. पदर डोक्यावर घट्ट धरून उभी राहिली.

मग धर्मेंद्रला विचारलं, "आमनी तापी कोठे मियस?"

आमची तापी कुठे मिळते. त्याने उजवीकडे हात केला. "तिकडं, त्या चिमण्या दिसतात ना धुराच्या, त्याच्या पल्याड. योगराज बी हेच इचारायचा. सुट्टीला आम्ही यायचो ना. पाय पाण्यात घालायचा अन् म्हणायचा, हे आमच्या गावचं पाणी."

मंगलाने त्याच्याकडे वळून बघितलं. "आखो काय म्हणे?" आणखी काय म्हणायचा?

मग तो सांगत राहिला. मी थोडा मागे झालो. मोटारसायकलचा हप्ता, खात्यातली भांडणं, योगराजने एकदा शेठची टोपी कशी लपवली. मला माहीत नव्हतं यातलं काही. योगराज आणि मस्करी! मंगला ऐकत होती. मध्येच विचारत होती, कोणती टोपी, मग शेठ काय म्हणाला. एकदा तोंडाला पदर लावला, हसत होती की रडत, मागून कळलं नाही.

प्रकाशा तीर्थाला योगराजच्या अस्थी तापीत सोडल्या तेव्हा मंगला म्हणाली होती, जाईल आता आपल्या सुरतला. मध्ये उकाईचं धरण आहे. किती पाणी अडतं, किती सोडतात, माझ्याइतकं कुणाला माहीत? मी तेव्हाही बोललो नाही, आजही नाही. तिने चपला काढल्या आणि पाण्यात गेली.

मग टोमॅटोची भजी. "टमाटानं कोठे भजं ऱ्हास का!" म्हणाली. खाल्लं मात्र.

खाताना विचारलं त्याला, "तुनी माय काय म्हणस?"

त्याने भजं खाली ठेवलं. "नाही म्हणती. इधवा नको म्हणती."

"मंग तू?"

"म्या सांगितलं, तू नको येऊ लग्नाला. दिवाळीला मी तिला घेऊन येतो. दार उघडायचं का नाही ते तू बघ."

मंगलाने पदराला हात पुसले आणि टेम्पोकडे चालू लागली. परतीलाही पुढेच बसली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

रोट संपले.

दुपारी पौर्णिमा लागणार होती. त्याच्या आधी धर्मेंद्र माल न्यायला आला, पायरीवर बसला. मंगलाने फळीवरचं फडकं काढून सोडलं. रोट लाकडासारखे झाले होते. गरम दुधात कुस्करले. पाट मांडला, त्यावर ताट-वाटी. दारात जाऊन म्हणाली, "मझार ये." आत ये.

त्याने हर्षदाकडे बघितलं. हर्षदाने माझ्याकडे. चपला काढून तो आत आला, पाटावर बसला. पहिला घास हातात घेऊन थांबला.

"मावशी, हे तर ते... मला चालतं का?"

मंगला त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"हाई घरना लोकेस्नं ऱ्हास. खाय. टाकानं नही."